नाहीची वही

आधी एक गोष्ट स्पष्ट करून टाकतो. वहिनी माझी आहे. आमच्या गोदामात मॅनेजरपासून वॉचमनपर्यंत सगळे तिला वहिनी म्हणतात, पण नातं माझं, बाकीच्यांनी ते फुकटात उचललंय. मी तिचा धाकटा दीर. ती पुढे काउंटरवर बसते, मी मागे फोर्कलिफ्ट चालवतो. ही नोकरी मला तिनेच लावली. त्यामुळे तिच्याबद्दल वाकडं बोलणाऱ्याशी माझं पटत नाही, आणि पटवून घ्यायची मला हौसही नाही.

आमच्याकडे वॉशिंग मशीन, फ्रिज आणि पाण्याचे पंप यांचे स्पेअर पार्ट मिळतात. सकाळी शटर वर गेलं की मेकॅनिक लोक काउंटरवर येतात. हाताला ग्रीस, कानाला फोन, आणि तुटका तुकडा फळीवर आपटून म्हणतात, "हे द्या." नंबर कुणालाच माहीत नसतो. रबरी गोल सीलला ते बांगडी म्हणतात, पंपाच्या झाकणाला टोपी, व्हॉल्व्हच्या पातळ पट्टीला जीभ. वहिनी तुकडा हातात घेते, अंगठा फिरवते आणि नंबर सांगते. कॉम्प्युटर उघडेपर्यंत माणूस पार्ट घेऊन गेलेला असतो.

आता वहीचं सांगतो. जो पार्ट दिला त्याचं बिल होतं. जो मागितला आणि नव्हता, त्याचं काय होतं? काहीच नाही. माणूस दोन शिव्या घालतो आणि जातो. वहिनीला हे पहिल्या महिन्यातच खटकलं होतं. तिने एक लांबडी रेघांची वही आणली आणि लिहायला लागली: तारीख, कोण आलं, काय मागितलं. पार्ट आला की त्या माणसाला फोन करायचा, एवढाच हेतू. आम्ही तिला नाहीची वही म्हणायचो. एकोणीस वर्षांत चौदा वह्या झाल्या. त्या काउंटरखालच्या कप्प्यात असत आणि मी त्यांच्यावर चहाचा कप ठेवला की मला ओरडा बसे.

मग तिसऱ्या मजल्यावर प्लॅनिंगचं खातं आलं. काचेच्या केबिनी, थंडगार हवा आणि एक नवा प्रोग्रॅम, जो म्हणे पुढच्या महिन्यात काय खपेल ते आधीच सांगतो. तिथल्या मुख्य साहेबांना आम्ही प्लॅनिंगसाहेब म्हणायचो. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय, ते मी या माणसाकडून शिकलो. दोन वर्षांत ते एकदाही खाली गोदामात आले नव्हते.

प्रोग्रॅम मागची विक्री बघायचा आणि तेवढाच माल मागवायचा. एकदा बांगडी संपली. संपली म्हणून विकली गेली नाही. विकली गेली नाही म्हणून प्रोग्रॅमला वाटलं, ही कुणाला नकोच आहे. त्याने मागवणं बंद केलं. रोज पाच-सहा मेकॅनिक बांगडी मागत होते, आणि वरच्या पडद्यावर बांगडीपुढे शून्य, शून्य, शून्य. वर वार्षिक बैठकीत ठपका आमच्यावर! काउंटरच्या लोकांना विकता येत नाही म्हणे. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय.

वहिनी तीनदा वर गेली. तिसऱ्या वेळी वही घेऊन गेली. साहेबांनी वहीला हातही लावला नाही. म्हणाले, "मॅडम, तुमचा अनुभव मान्य आहे. पण हे सप्लाय चेन ॲनालिटिक्स आहे. यासाठी शिकावं लागतं."

ती खाली आली तेव्हा मी बॅटरी चार्जिंगला लावत होतो. तिचे कान लाल झाले होते.

"शिकावं लागतं म्हणाला."

"सोड ना वहिनी. मूर्ख माणूस आहे."

"मूर्ख असेल. पण शिकावं लागतं हे खरं बोलला. शिकते मग."

वय सत्तेचाळीस. पदवी पोस्टाने घेतलेली, तीही मुलगी रांगत असताना. आणि आता त्याच विषयाचा, नोकरी करणाऱ्यांसाठीचा दोन वर्षांचा मास्टर्स, दर शनिवारी दिवसभर, एक रविवार सोडून एक. तिचा सख्खा भाऊ म्हणाला, "या वयात शिकून कुठे दिवे लावणार आहेस?" वहिनी म्हणाली, "तुझ्या घरात नाही लावणार, काळजी करू नकोस." दादा, म्हणजे तिचा नवरा, शाळेची बस चालवतो. बोलायला कंजूष माणूस. त्याने एकच प्रश्न विचारला, "डबे कोण करणार?" आणि मग त्यानेच उत्तर दिलं, "बरं, मी करतो." दोन वर्षं आम्ही सगळ्यांनी करपलेलं खाल्लं आणि कुणाची ब्र काढायची टाप नव्हती. मीही सुरुवातीला हसलो होतो, खोटं कशाला बोलू?

वर्गात सगळे मॅनेजर. इस्त्रीचे शर्ट, पातळ लॅपटॉप. वहिनीचा लॅपटॉप पुतणीचा जुना, त्याचं एक बटण निघालेलं. पहिल्या संख्याशास्त्राच्या परीक्षेत तिला पन्नासपैकी अकरा मार्क पडले. तिने तो पेपर फ्रिजवर लावला. मी म्हटलं, अगं पाहुणे येतात. म्हणाली, येऊ देत, त्यांनाही कळू दे की मी सुरुवात कुठून केली.

सगळ्यात जास्त छळलं ते कोडिंगने. एक चिन्ह राहिलं की कॉम्प्युटर अडून बसायचा. पहाटे पाचला ती जेवणाच्या टेबलावर टकटक करायची आणि आतल्या खोलीतून पुतणी झोपेतच ओरडायची, "आई, कोलन!" इतकं झालं की दादा भाजीत मीठ विसरला तरी पुतणी म्हणायची, "बाबा, कोलन!"

पण तिथे तिची अक्कलही दिसली. एकदा सरांनी विचारलं, माल मागवल्यापासून येईपर्यंत लागणारा वेळ कसा काढाल? वहिनीने हात वर केला. "कुठला वेळ? कागदावरचा, ट्रक दारात आल्याचा, की माल रॅकवर चढल्याचा? आमच्याकडे तिन्हींत नऊ दिवसांचं अंतर आहे." वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी खडू ठेवला आणि म्हणाले, पुन्हा सांगा. पुढे तेच तिचे गाइड झाले.

दुसऱ्या वर्षी एका शनिवारी ती घरी आली ती चपलासुद्धा न काढता आत. "भावजी, माझ्या वहीला नाव आहे!" म्हणे मोठमोठ्या पुस्तकांत लिहिलंय की माल नसताना दिसणारं शून्य खोटं असतं. त्याच्याखाली मागणी दडलेली असते. ती शोधायची कशी, यावर जगभर माणसं डोकं खपवतायत, कारण त्यांच्याकडे नोंदच नसते. "आणि माझ्याकडे चौदा वह्या आहेत," ती म्हणाली आणि रडायला लागली. मग रडता रडता हसली. दादाने पाण्याचा ग्लास आणून ठेवला आणि स्वतःच पिऊन टाकला.

तिचं प्रोजेक्ट ठरलं. विक्रीच्या आकड्यांत वहीच्या नोंदी घालायच्या, नवा अंदाज काढायचा आणि सिद्ध करायचं की वरचा प्रोग्रॅम आंधळा आहे. ते मान्य झालं तर डिग्री. नाही झालं तर दोन वर्षं पाण्यात, आणि "शिकावं लागतं" म्हणणारा माणूस आयुष्यभर बरोबर ठरणार.

आता माझं पाप. शनिवारी ती वर्गात असायची म्हणून अर्धा दिवस काउंटरवर मी बसायचो. वहीही मीच लिहायचो. प्रोजेक्ट ठरल्यापासून मला वाटायला लागलं, आकडा जेवढा मोठा तेवढं वर जास्त ऐकू जाईल. मग तिघं आले तर मी पाच लिहायचो. पाच आले तर आठ. एक पैसा मिळणार नव्हता मला, देवाशपथ. फक्त ती जिंकावी एवढंच वाटत होतं. पण आपलेच दात आणि आपलेच ओठ, ते असं.

व्हायवाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या, पंधरा दिवस आधी ती जेवणाच्या सुट्टीत मागे आली. हातात वही.

"भावजी, शनिवारी आपण अर्धाच दिवस उघडतो ना?"

"हो."

"मग सगळ्यात जास्त मागणी शनिवारी कशी?"

"लोकांना सुट्टी असते ना..."

"मेकॅनिकला शनिवारी सुट्टी नसते." तिने पान उघडलं. "हा चष्मेवाला कोण?"

"येतो एक."

"आणि हा दुसरा चष्मेवाला?"

खोटी गिऱ्हाइकं लिहिताना माझी नावं संपायची, म्हणून मी लाल गाडीवाला, उंच माणूस, चष्मेवाला असं काहीही लिहायचो. वहिनीच्या नोंदीत प्रत्येक माणूस खरा होता, त्याचा फोन नंबरसुद्धा शेजारी होता.

सगळं सांगितलं मी. तिने आवाज चढवला नाही. तो चढवला असता तर बरं झालं असतं.

"वर ते म्हणतात, काउंटरवरच्या लोकांचा भरवसा नाही. मी दोन वर्षं भांडतेय की आहे. आणि तुम्ही..." तिने वही मिटली. "सात महिन्यांचे शनिवार काढून चालणार नाही, भावजी. मी सगळे काढणार. दोन्ही वर्षांचे."

"अगं, पहिले खरे आहेत!"

"असतील. पण मी ते कशावरून मानू?"

त्या दिवसापासून तिने मला वहीला हात लावू दिला नाही. शनिवारी काउंटरवर दुसऱ्याला बसवलं आणि नोंदी बंद ठेवल्या. घरी माझं ताट वाढायची, बोलायचीही, पण वहीचा विषय निघाला की उठून जायची.

गाइडना तिने सगळं सांगितलं. सर भला माणूस, तिच्यासाठी घाबरले. म्हणाले, वहीचं प्रकरणच काढून टाका. नुसत्या विक्रीच्या आकड्यांवर साधं प्रोजेक्ट करा, सहज पास व्हाल. प्रोजेक्ट कंपनीच्या मालावर आहे, म्हणून परीक्षकांत तुमच्याच कंपनीचा माणूस असणार आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची.

वहिनी म्हणाली, "सर, नुसत्या विक्रीच्या आकड्यांवर तर तो प्रोग्रॅमही चालतो. मग त्यालाच द्या ना डिग्री."

पंधरा दिवस तिने सगळं पुन्हा केलं. शनिवार वगळले. एकच माणूस तीनदा येऊन गेला असेल तर एकदाच धरला. आकडा लहान झाला. बांगडीची विक्री आठ महिने शून्य होती, त्याच आठ महिन्यांत एकशे सदतीस वेगवेगळ्या माणसांनी ती मागितली होती. माझ्या भरतीशिवाय एकशे सदतीस! मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

व्हायवाला घरच्यांना मागे बसायची परवानगी होती. खोली साधीच, पांढरा पडदा, रांगेने खुर्च्या, खिडकीचं एक दार नीट लागत नव्हतं. दादा बसचा युनिफॉर्म घालून आला होता. समोर तिघं होते: गाइड, बाहेरून आलेल्या पांढऱ्या केसांच्या परीक्षक बाई, आणि तिसरे आमचे प्लॅनिंगसाहेब.

वहिनी चांगली बोलली. शेवटी बाईंनी तक्ता पुन्हा दाखवायला सांगितला.

"इथे पाचच दिवस आहेत. शनिवार कुठे गेले?"

"अर्धा दिवस असतो म्हणून घेतले नाहीत," एवढं एक वाक्य पुरेसं होतं. पटण्यासारखं होतं. कुणी पुढे विचारलं नसतं.

"शनिवारच्या नोंदी वाढवून लिहिलेल्या होत्या," वहिनी म्हणाली. "तपासताना लक्षात आलं. म्हणून सगळे शनिवार वगळले."

प्लॅनिंगसाहेब खुर्चीत पुढे सरकले. इतके खूश झालेले मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "वाढवून? कुणी लिहिल्या?"

मी तिथेच होतो. चार रांगा मागे. दादाने माझ्याकडे पाहिलं. मी उठायला हवं होतं. बूड खुर्चीला चिकटल्यासारखं झालं आणि मी उठलो नाही. हे लिहितानाही लाज वाटते.

"वही माझी आहे," वहिनी म्हणाली. "जबाबदारी माझी."

"म्हणजे तुम्हीच मान्य करताय की वही खोटी आहे. मग बाकीच्या पानांवर आम्ही विश्वास का ठेवायचा?"

आता ती चिडली. आमच्या घरात आल्यापासून मी तिला ओळखतो. ती चिडली की हळू बोलते.

"साहेब, खोटी पानं मी फाडली नाहीत. वहीत आहेत, वही इथे टेबलावर आहे. माझं खोटं कुठल्या पानावर आहे ते मला माहीत आहे. तुमच्या पडद्यावर बांगडीपुढे आठ महिने शून्य आहे. त्यातलं कुठलं शून्य माणूस आला नाही म्हणून, आणि कुठलं रॅक रिकामा होता म्हणून, हे तुम्हाला सांगता येईल? एका तरी दिवसाचं?"

साहेबांनी पेन उघडलं आणि बंद केलं. पांढऱ्या केसांच्या बाई त्यांच्याकडे वळल्या. "सांगता येईल का हो? मलाही ऐकायचंय."

"सिस्टिममध्ये तशी सोय नाही," साहेब म्हणाले.

"मग लिहून घ्या," बाई म्हणाल्या. "सोय नाही."

वहिनी पास झाली. पहिली नाही, दुसरी नाही, वर्गात मध्येच कुठेतरी. नोंदी ठेवण्यात शिस्त हवी होती असा शेरा मारून मार्क कापले होते. ते मार्क माझे होते. घरी येताना मी म्हटलं, वहिनी, मी उठायला हवं होतं. ती म्हणाली, "हो, हवं होतं." आणि खिडकीबाहेर बघत बसली. तिने मला माफ केलंय असं ती म्हणाली नाही, आणि मीही विचारलं नाही.

शनिवारचे वर्ग संपले, तशी ती स्वतःच शनिवारी काउंटरवर बसायला लागली. वही पुन्हा सुरू झाली. मी मागे फोर्कलिफ्टवर.

तीन आठवड्यांनी वरून फोन आला. वही वर पाठवा, साहेबांना बघायची आहे.

वहिनीने स्पीकर चालू ठेवला होता. काउंटरवर सात-आठ मेकॅनिक होते, सगळे ऐकत होते. "वही वर येणार नाही," ती म्हणाली. "रोज लागते. ज्याला बघायची त्याने खाली यावं."

फोन ठेवल्यावर एक मेकॅनिक म्हणाला, "वहिनी, नोकरी जाईल." ती म्हणाली, "डिग्री आहे आता, दुसरी मिळेल. तुमचं बोला."

आणि साहेब खाली आले की हो! सोबत दोन माणसं. बुटांना धूळ लागू नये म्हणून जपून पावलं टाकत आले. बसायला स्टूल दिलं. तिथे बसून त्यांनी वही चाळायला सुरुवात केली. अर्धा तास झाला. मेकॅनिक येत होते, तुकडे आपटत होते, "नाही" ऐकून शिव्या घालत होते, आणि प्रत्येक वेळी साहेबांना मान वर करून बघावं लागत होतं. त्यातल्या दोन शिव्या थेट प्लॅनिंग खात्याला होत्या. मी मुद्दाम फोर्कलिफ्ट जवळ आणून उभी केली, ऐकायला.

मग ते त्या पानांशी आले. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. त्यांनी वही उंच धरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ही तुमची ती सुप्रसिद्ध पानं, नाही का मॅडम? दुसरा चष्मेवाला?"

मेकॅनिक वहिनीकडे बघायला लागले. त्यांच्यासाठी तिचा शब्द म्हणजे पक्का माल. तिने तोंड उघडलं, "वही माझी—"

"ती पानं माझी आहेत," मी म्हणालो. फोर्कलिफ्टवरून उतरायलाही थांबलो नाही, तिथूनच ओरडलो. "अक्षर बघा, माझं आहे. गिऱ्हाइकं मी वाढवली. वहिनीने नाही. तिने मला पकडलं आणि माझे दोन वर्षांचे शनिवार फेकून दिले, खरे होते ते पण. परीक्षेत तिने माझं नाव घेतलं नाही, आणि मी मागे बसून गप्प राहिलो. लिहून घ्यायचं असेल तर हे पण लिहून घ्या."



साहेबांनी वही खाली ठेवली. मग वहिनीला म्हणाले, "ठीक आहे. या नोंदी आम्ही सिस्टिममध्ये घेऊ. पण मला एक सांगा, आता शनिवारी वही कोण लिहितं?"

वहिनीने माझ्याकडे पाहिलं नाही. ती एका मेकॅनिकच्या हातातला तुकडा घेऊन त्यावर अंगठा फिरवत होती.

"हेच लिहितात," ती म्हणाली. "उद्या शनिवार आहे. उद्यापासून."